पर्यावरणपूरक डिग्रीझर खरंच तेल काढतो का? कुपवाडच्या शेडमध्ये केलेली चाचणी

कुपवाड_जॉबवर्क (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं शेड आहे. तीन लेथ, एक मिलिंग, दोन ड्रिलिंग. माइल्ड स्टीलचे बुश, पिना, फ्लँज करतो आणि कटिंग ऑईल धुऊन प्लेटिंगला (जस्ताचा थर चढवायला) पाठवतो. आजवर धुणं म्हणजे पत्र्याच्या ट्रेमध्ये रॉकेल, ते मिळालं नाही तर डिझेल, सोबत ब्रश आणि कॉटन वेस्ट. सकाळी ओतलेलं रॉकेल दुपारपर्यंत काळं होतं आणि त्यातच संध्याकाळपर्यंत माल बुडतो.

या ट्रेवर आमच्याकडच्या मावशी बसतात, अकरा वर्षं झाली. मागच्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन घरी आल्या तेव्हा त्यांच्या बोटांकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. प्रत्येक पेरावर उभी भेग, आणि भेगेत काळी रेघ. साबणानं जात नाही म्हणाल्या. रॉकेल कातडीचं स्वतःचं तेलही ओढून घेतं, म्हणून हात फुटतात. एवढी वर्षं रोज समोर असून मला ते दिसलं नव्हतं याची फार लाज वाटली. त्याच आठवड्यात ठरवलं, रॉकेल बंद करायचं.

एक विक्रेता डिग्रीझरचा, म्हणजे तेल काढणाऱ्या औषधाचा, 'बायोडिग्रेडेबल, पाण्यात मिसळायचं' असं लिहिलेला कॅन घेऊन आला. माझ्यासमोर एका शाफ्टला ताजं तेल लावलं, फवारा मारला, पांढऱ्या फडक्यानं पुसलं. फडकं स्वच्छ. मी २० लिटर घेतलं. पहिल्या दोन लॉटचं प्लेटिंग फोड येऊन परत आलं.

विक्रेत्याला फोन करून चार शब्द सुनवावेत असं वाटलं होतं. मग लक्षात आलं की तो माल चांगला की वाईट हे मला ठाऊकच नाही. मी कधी मोजलंच नव्हतं. म्हणून मोजायला घेतलं, आणि ते इथे सविस्तर मांडतोय.

१ मिमी जाडीच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याच्या १०० × ५० मिमीच्या पट्ट्या कापल्या. कडांची बर (कापताना राहिलेली धारदार कोर) काढली, कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि पंचानं नंबर ठोकले. अशी एक पट्टी ३९ ग्रॅमच्या आसपास भरते आणि दोन्ही बाजू धरून तिचं क्षेत्रफळ १०० चौ. सेंमी होतं. तिच्यावर निथळून उरणारं तेल ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकंच असतं, त्यामुळे किराणा दुकानाच्या काट्याचं हे काम नव्हे. मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा. तो सराफाकडे असतो. माझे मेहुणे विट्याकडचे, त्यांच्या घरात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, काम पिढीजात. त्यांनी काटा दोन दिवसांसाठी दिला.

पद्धत सोपी आहे. स्वच्छ पट्टीचं वजन करा. तेलात बुडवा, दोरीला टांगून निथळू द्या, पुन्हा वजन करा. धुवा, पूर्ण वाळवा, तिसरं वजन करा. माझ्या ४ नंबरच्या पट्टीचे आकडे असे:

स्वच्छ ३९.२१४ ग्रॅम
तेल लावून ३९.३०६ ग्रॅम
धुऊन, वाळवून ३९.२१८ ग्रॅम

म्हणजे ९२ मिलिग्रॅम तेल होतं, त्यातलं ८८ निघालं. ९५.७ टक्के! आकडा पाहून मी खूश झालो. मग तीच पट्टी उभी धरून तिच्यावर पाणी सोडलं. वरच्या अर्ध्या भागात पाणी काचेसारखं सलग पसरलं. खालच्या कोपऱ्याजवळ आल्यावर मात्र ते फाटलं, मागे सरकलं आणि अळूच्या पानावर उभे राहतात तसे थेंब उभे राहिले. थेंबांच्या त्या जागा फडक्याला दिसत नव्हत्या, नजरेलाही नाही.

अशा प्रत्येक द्रवासाठी तीन-तीन पट्ट्या घेतल्या. नुसतं ६० अंशांचं गरम पाणी, ताजं रॉकेल, संत्र्याच्या सालीच्या वासाचं एक सॉल्व्हंट, आणि हा पाण्यातला डिग्रीझर ५ टक्के, ६० अंशांवर. प्रत्येकात १० मिनिटं. नुसत्या गरम पाण्यानंही बरंच तेल जातं हे बघून मी थक्क झालो. याचा अर्थ विक्रेत्याच्या प्रयोगात पाण्याचं काम किती आणि औषधाचं किती, हे मला कळायला मार्गच नव्हता.

आता प्रश्न. ९५ टक्के तेल निघूनही प्लेटिंग का फसतं? आणि हा डिग्रीझर टाकून द्यावा की माझंच कुठे चुकतंय?

मिरजेचा_प्लेटर

दादा, मनापासून लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

टक्क्यांवर जाऊ नका. तुमच्या पट्टीवर ४ मिलिग्रॅम उरलंय. ते १०० चौ. सेंमीवर पसरलं तर साधारण अर्ध्या मायक्रॉनचा थर होतो. डोळ्याला दिसणार नाही, पण जस्ताला आणि लोखंडाला एकमेकांपासून दूर ठेवायला पुरेसा आहे. पावडर कोटिंगवाला कदाचित खपवून घेईल, कारण त्याच्याकडे फॉस्फेटिंगच्या (कोटिंग पकड धरावं म्हणून फॉस्फेटचा थर देण्याच्या) आधी आणखी एक धुणं असतं. तुमचा जॉब नुसता असेंब्लीला जाणार असेल तर ९५ टक्के म्हणजे भरपूर झालं. पुढे काय करायचंय त्यावर 'स्वच्छ'चा अर्थ ठरतो.

पाणी फाटतं का हे बघायची तुमची चाचणी आमच्याकडे रोज होते. तिच्यात एक फसगत आहे. डिग्रीझरमधला साबणी भाग पृष्ठभागावर चिकटून राहिला, तर खाली तेल असूनही पाणी सलग पसरतं आणि जॉब पास झाल्यासारखा वाटतो. म्हणून आम्ही धुतलेला जॉब आधी सौम्य ॲसिडमध्ये बुडवून, पाण्यातून काढून मगच बघतो. तुमचा माल आमच्याच कुणाकडे आला असेल तर तो धुताना पास आणि बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीत, नापास झाला असणार.

रसायन_कराडकर

धागा फार आवडला. मी कराडला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी तुमच्या पद्धतीत दोन गोष्टी वाढवा. एक पट्टी तेल न लावताच सगळ्या टाक्यांतून फिरवा आणि तिचंही आधी-नंतर वजन करा. तिचं वजन बदललं तर तो फरक गंजाचा, क्षाराच्या डागांचा किंवा काट्याचा. तो माहीत असल्याशिवाय ४ मिलिग्रॅमवर विश्वास ठेवता येत नाही. दुसरं, रॉकेलच्या पट्टीवर रॉकेलचाच थर उरतो आणि तोही वजनात येतो. ती पट्टी किती वेळ वाळवली ते लिहून ठेवा.

आता 'पर्यावरणपूरक' या शब्दाबद्दल. एके काळी धातू धुवायला कार्बन टेट्राक्लोराइड सर्रास वापरलं जायचं. ते ओझोनचा थर खातं, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्यानं बंद झालं. ट्रायक्लोरोएथिलीन तेल उत्तम काढतं, पण ते माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालंय. त्यांच्यापुढे आजचं जवळपास काहीही बरंच म्हणावं लागेल. तरी कॅनवर काय लिहिलंय ते विचारून घ्या. 'बायोडिग्रेडेबल'ला मापदंड आहे: ओईसीडी ३०१ या चाचण्यांत २८ दिवसांत साधारण ६० टक्के पदार्थाचं जैविक विघटन व्हावं लागतं. विक्रेत्याकडे त्याचा अहवाल मागा. त्यात नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट हा साबणी घटक आहे का हेही विचारा. ते तुटून जे उरतं ते पाण्यातल्या जिवांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं.

संत्र्याच्या वासाचं जे आहे ते लिमोनीन. सालीपासून मिळतं म्हणून निरुपद्रवी समजू नका. त्याचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) ४८ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे ते गरम करणं धोक्याचं. उघडं राहून हवेनं जुनं झालं की कातडीला ॲलर्जी आणतं, आणि माशांनाही अपायकारक आहे. मावशींच्या हातांसाठी बदल करत असाल तर ते निवडू नका. पाण्यातला डिग्रीझरसुद्धा अल्कधर्मी असतो. त्यालाही नायट्राइलचे लांब हातमोजे आणि चष्मा हवाच.

कुपवाड_जॉबवर्क

ताई, प्लेटरदादा, दोघांचेही आभार. हातमोजे कालच आणले. मावशींना आधी त्यात बोटं जड वाटत होती. दोन मापं लहान आणल्यावर जमलं.

बिनतेलाची पट्टी फिरवली. तिचं वजन २ मिलिग्रॅमनं वाढलं! म्हणजे माझ्या ४ मधले २ बहुधा तेलाचे नाहीतच. वाळल्यावर पट्टीवर पांढुरके ठिपके दिसले.

जुना_टूलरूम

ठिपके पाण्याचे आहेत. बोअरचं पाणी वापरताय ना? आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातला कॅल्शियम साबणाशी बसला की चिकट साका धरतो आणि डिग्रीझरची ताकद तिथंच खर्ची पडते. टाकी भरायला आरओचं किंवा निदान नळाचं पाणी घ्या. शेवटच्या रिन्सला तर घ्याच.

मी पलूसकडचा. आयुष्य टूलरूममध्ये गेलं, आता रिटायर आहे. आम्हाला उस्तादांनी शिकवलेलं, धुण्याचे चार खांदेकरी: औषध, उष्णता, वेळ आणि घासणं. एकाला खाली बसवलं तर त्याचं ओझं बाकी तिघांनी उचलायचं. रॉकेलमध्ये तुम्ही ब्रश मारत होता. नवीन औषध आल्यावर ब्रश बंद केला असेल, नुसतं बुडवून काढत असाल. बरोबर? मग घासण्याचं ओझं कुणी उचललं? टोपली हलवत ठेवा, नाहीतर टाकीच्या तळातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. औषध तेच राहील, फरक बघा.

आणखी एक. तुम्ही ताजं तेल लावून लगेच धुतलंत. खरा जॉब मशीनवरून उतरून चार-चार दिवस ट्रेमध्ये पडतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये तेल पत्र्यावर वाळून वार्निश होतं. विक्रेत्याची पट्टी ताजी आणि तुमचा माल शिळा, तिथंच घोळ आहे. आठ दिवस उन्हात ठेवलेल्या पट्ट्यांवर चाचणी घ्या. तेल पण तुमच्याच मशीनच्या टाकीतलं, लोखंडाची बारीक भुकटी मिसळलेलं घ्या. डब्यातलं नवं नको.

द्राक्षवाला_तासगाव

माझा धंदा द्राक्षाचा, तरी धागा पहिल्यापासून वाचतोय. दोन वस्तू आमच्याकडच्या सुचवतो.

पहिली मोरचूद (कॉपर सल्फेट). बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी प्रत्येक बागायतदाराकडे असतो. माझा भाऊ प्लेटिंगमध्ये होता, तो मोरचुदाच्या पातळ पाण्यात लोखंडाची पट्टी बुडवून दाखवायचा. स्वच्छ लोखंडावर काही सेकंदांत तांब्याचा लालसर थर बसतो. जिथं तेल आहे तिथं बसत नाही.

दुसरी, ब्रिक्स मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर. मण्यातली साखर बघायला आम्ही वापरतो. डिग्रीझरचं पाणी किती टक्के आहे ते त्यावर कळायला हवं असं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

मिरजेचा_प्लेटर

मोरचुदाची चाचणी खरी आहे आणि आम्ही करतो. लिटरभर पाण्यात १५ ग्रॅमच्या आसपास मोरचूद आणि गंधकाम्लाचे काही थेंब. पट्टी २० सेकंद बुडवायची, पाण्यातून काढून बघायची. पाणी फाटण्याच्या चाचणीपेक्षा ही मला जास्त पटते, कारण खुणा पट्टीवर राहतात, फोटो काढता येतो. फक्त चाचणीच्या पट्टीवरच करा, गिऱ्हाइकाच्या मालावर नको. आणि उरलेलं मोरचुदाचं पाणी गटारात अजिबात नको.

रसायन_कराडकर

रिफ्रॅक्टोमीटरची कल्पना अगदी बरोबर आहे. स्वतःच २, ४, ६ आणि ८ टक्के द्रावण तयार करा, प्रत्येकाचं ब्रिक्स वाचन लिहा, कागदावर रेघ काढा. मग टाकीतलं वाचन त्या रेघेवर बसवा. टाकीत तेल मिसळत गेलं की भिंगातली सीमारेषा धूसर होते आणि वाचन फसवं होतं. तेव्हा ॲसिडचं टायट्रेशन करून, म्हणजे ॲसिड मोजून थेंबाथेंबानं टाकत, अल्कली मोजावी लागते. तेही कठीण नाही, मी शिकवीन.

तासगावकर दादांनी दोन वस्तू दिल्या, तिसरी सांगलीचीच घ्या. हळद! हळदीत चुना पडला की कुंकवासारखी लाल होते हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हळद स्पिरिटमध्ये कालवून गाळा, त्यात गाळणकागदाच्या पट्ट्या भिजवून सावलीत वाळवा. रिन्स झालेल्या ओल्या जॉबवर ती पट्टी टेकवा. लाल झाली तर अल्कली अजून जॉबवर आहे, आणखी एक पाणी द्या. पिवळीच राहिली तर रिन्स पुरेसं झालं. प्लेटरदादांनी सांगितलेली साबणी थराची फसगत यातून बरीच टळेल.

सातारा_डायकास्ट

वाचकांसाठी इशारा. आमच्याकडे ॲल्युमिनियमचे डायकास्ट भाग. स्टीलला चालणाऱ्या कडक अल्कलीत एक लॉट टाकला आणि सगळे भाग काळे पडले. अल्कली ॲल्युमिनियम विरघळवते आणि मिश्रधातूतलं सिलिकॉन, तांबं काजळीसारखं वर उरतं. ॲल्युमिनियम, जस्त, पितळ असेल तर त्याच धातूची पट्टी घेऊन वजन करा. तेल न लावलेली पट्टी धुऊन हलकी झाली तर डिग्रीझर धातू खातोय.

आणि पावसाळा. साताऱ्यात जुलैमध्ये स्टील पाण्यातून काढून चहा घेऊन येईपर्यंत तांबूस होतं. तुमची पट्टी वाळेपर्यंत गंजली तर गंजाचं वजनही तेलात मोजलं जाईल. शेवटचं रिन्स गरम ठेवा आणि लगेच हवा मारा. गंजरोधक टाकणार असाल तर ते प्लेटिंगला अडणार नाही ना, हे आधी प्लेटरला विचारा.

कोरेगाव_गॅरेज

आमच्याकडं ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स येतात. तिथं ग्रीस आणि माती एकत्र वाळलेली असती. आधी पत्र्याच्या पट्टीनं खरवडून काढतो, मग औषध. खरवडलं नाही तर कुठलंच औषध पुरत नाही, दोन दिवसांत टाकी चिखल होती. लय महाग पडतं. एवढंच सांगायचं होतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांनी जॉबचं बोललं, मी पाण्याचं बोलतो. धागाकर्त्यांनी रॉकेल सोडलं याचा आनंद आहे. पण धुतलेलं पाणी कुठे जातंय?

डिग्रीझर २८ दिवसांत विघटित होईल, त्यात उतरलेलं कटिंग ऑईल होणार नाही. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान लागतो. तुमच्या ४ नंबरच्या पट्टीवरून ८८ मिलिग्रॅम निघालं. तळहाताएवढी एक पट्टी! तिचं तेल त्या मर्यादेत बसवायचं तर जवळपास ९ लिटर पाणी लागेल. आणि पातळ करून सोडणं हा काही मार्ग नव्हे, तेल तेवढंच नदीत जातं. सांगलीचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचं दुखणं आपण इतकी वर्षं भोगतोय आणि प्यायला पाणी त्याच कृष्णेचं. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं तेल आणि तेलकट गाळ अधिकृत उचलणाऱ्यालाच द्यायचा असतो. भंगारवाला किंवा गटार त्यात बसत नाही.

म्हणून चाचणीत एक बाटली वाढवा. वापरलेलं द्रावण काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा. काही डिग्रीझर तेल पाण्यात दुधासारखं धरून ठेवतात, काही सोडून देतात आणि वर तवंग येतो. सोडणारा असेल तर तवंग काढून घ्या, द्रावण पुन्हा वापरा, टाकी कितीतरी जास्त टिकते. धरून ठेवणारा पहिल्या दिवशी छान वाटतो, पण ते दूध फोडायला वेगळी प्रक्रिया लागते.

कुपवाड_जॉबवर्क

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. खरं सांगतो, आतापर्यंत काळं रॉकेल कुठे जायचं हे मी विचारलं नव्हतं. आता ड्रम ठेवलाय, त्यावर नाव लिहिलंय, आणि उचलणाऱ्या अधिकृत संस्थेची माहिती घेतोय.

या आठवड्यात केलेलं लिहितो. पट्ट्या मशीनच्याच जुन्या तेलात बुडवून आठ दिवस शेडच्या पत्र्यावर उन्हात ठेवल्या. टाकीत आरओचं पाणी भरलं. जुना_टूलरूम काकांच्या सांगण्याप्रमाणे तळाला भोकं पाडलेला पाईप टाकून हवा सोडली. एकाऐवजी दोन रिन्स, दुसरं गरम.

हवेशिवाय धुतलेल्या शिळ्या पट्ट्या मोरचुदातून काढल्या तेव्हा तांब्याच्या थरात काळपट बेटं राहिली होती, मोठ्यात मोठं बेट करंगळीच्या नखाएवढं. हवा सोडून धुतलेल्या तिन्ही पट्ट्या कडेपासून कडेपर्यंत एकसारख्या लाल. मावशींनी एक पट्टी हातात घेऊन उन्हात फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "ही देवळात ठेवायजोगी झाली." बिनतेलाच्या पट्टीचं वजन या वेळी हललं नाही. म्हणजे कॅनमधला माल ठीक होता, मी तो अर्धवट वापरत होतो. विक्रेत्याला फोन करून तसं सांगितलं आणि ओईसीडीचा अहवाल मागितला. पाठवतो म्हणालाय.

रॉकेलच्या तिन्ही पट्ट्या मात्र मोरचुदात जवळपास काळ्याच राहिल्या. अकरा वर्षं आम्ही प्लेटिंगला असा माल देत होतो आणि तो प्लेटरच्या टाकीत धुतला जात होता.

बरणीत सकाळी वर बोटभर तवंग होता, खाली पाणी जरा गढूळ. म्हणजे हा सोडणारा आहे असं धरतो. हळदीचा कागद पहिल्या रिन्सनंतर लालभडक, दुसऱ्यानंतर पिवळा.

एक अडचण राहिली. फ्लँजमध्ये एम६ ची (६ मिमी आट्यांची) आंधळी भोकं आहेत, आरपार नसलेली. बाहेरून सगळं चकचकीत, पण जॉब वाळत ठेवला की तासाभरानं भोकातून तेलाचा ओघळ येतो.

जुना_टूलरूम

भोकाचं तोंड वर ठेवलं तर औषध आत अडकतं. खाली ठेवलं तर हवा अडकते आणि औषध आत शिरतच नाही. फ्लँज टोपलीत आडवे रचा, भोकं बाजूला येतील अशी, आणि टोपली टाकीत असतानाच दोन-तीनदा पूर्ण उलटी करा. बाहेर काढल्यावर प्रत्येक भोकात बारीक नोझलनं हवा, मग पुन्हा टाकीत, मग पुन्हा हवा. एकदा हवा मारून भागत नाही. हवा मारताना चष्मा लावा, भोकातलं सगळं तोंडावर येतं. भोकाची चाचणी करायची तर टिश्यू कागदाची सुरळी आत फिरवून उजेडात धरा.

मिरजेचा_प्लेटर

आणि त्यातला एक फ्लँज माझ्याकडे आणून द्या. मी प्लेट करून, भोकापाशी कापून दाखवतो. शुक्रवारी दुपारी बाथ रिकामा असतो.

कुपवाड_जॉबवर्क

शुक्रवारी येतो. सोबत मावशींनाही आणतो, त्यांना प्लेटिंगची टाकी बघायची आहे.